मुंबईचा पूर्व किनारा : मालकी आधी, आराखडे नंतर

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याबद्दल गेली दहा-बारा वर्षे जी चर्चा चालली आहे, तिच्यात चित्रांना तोटा नाही. निळे पाणी, पांढऱ्या बोटी, झाडांच्या सावलीतून सायकल हाकणारी गोजिरी माणसे. एखाद्या चित्रात आकाशपाळणासुद्धा फिरत असतो. चित्रात सगळे असते, फक्त जमीन कोणाच्या नावावर आहे ते नसते. सातबारा म्हणा की प्रॉपर्टी कार्ड, उद्या त्यावर कोणाचे नाव चढणार आणि कोणत्या अटींवर, हे ठरल्याशिवाय बागा किती आणि टॉवर किती यावर भांडणे म्हणजे लग्न ठरण्याआधी जेवणावळीच्या पंगती मोजणे. मुंबईने समुद्र हटवून जमीन केली ती अनेकदा. त्यात एकदाच, 1873 साली, मालकीचा निकाल आधी लागला आणि मोठी बांधकामे नंतर झाली. बाकी बहुतेक वेळा उलटे झाले आणि शहर तोंडघशी पडले. पूर्व किनारा त्या एका शहाणपणाची कमाई आहे. ती खर्ची घालायला निघालेल्यांना निदान हिशेब तरी विचारायला हवा.

जमीन केवढी? ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे मुंबई बंदर चालवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, ताब्यात सुमारे 1,800 एकर. बेटावरच्या मूळ शहराचा जवळजवळ दहावा हिस्सा. हार्बर लाइनने जाणाऱ्यांना ती रोज दिसते: डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, आणि पूर्वेच्या खिडकीतून पत्र्याची गोदामे, भंगाराचे ढीग, तेलाच्या टाक्या, रुळांवर माजलेले गवत. 1989 साली पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर हळूहळू तिकडे गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन जुन्या गोद्या बुजवून टाकल्या. तेव्हापासून या पट्ट्याला ‘रिकामी’ आणि ‘पडीक’ म्हणायची पद्धत पडली आहे. मुंबईत एखादी जागा पडीक आहे असे वारंवार कानावर येऊ लागले की समजावे, कोणाचा तरी डोळा तिच्यावर आहे.

बंदर पूर्वेलाच का झाले हे आधी पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्याच भूगोलावर उभा आहे. मुंबईचे बेट म्हणजे दक्षिणोत्तर पसरलेल्या दोन खडकाळ कण्यांमधली सखल पट्टी. पश्चिमेचा कणा मलबार हिलवरून वरळीकडे जातो. पूर्वेचा कुलाब्यापासून डोंगरी, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल असा तुटक तुटक. पश्चिमेला उघडा समुद्र. जून ते सप्टेंबर नैऋत्येची लाट थेट अंगावर येते, आणि मलबार हिल व कुलाब्यामधला बॅकबे हा उपसागर उथळ व खडकाळ. पूर्वेला मात्र कुलाब्याची निमुळती जीभ आड येते, समोर घारापुरी, उरण आणि त्यामागे डोंगर. मधल्या पाण्यात भर पावसाळ्यातही जहाज नांगर टाकून निवांत राहू शकते. पश्चिम किनाऱ्यावर असा आसरा फार थोड्या ठिकाणी आहे.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, 1661 च्या विवाह-तहाने इंग्लंडच्या राजाकडे, आणि 1668 साली राजाने तो वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. दहा पौंडांची गोष्ट आपण गमतीने सांगतो. मुंबईचा हा पहिला गाजलेला भाडेपट्टा, आणि स्वस्तात जागा लाटण्याची परंपरा इथूनच धरायला हरकत नाही. कंपनीचे मुख्य ठाणे तेव्हा सुरतेला होते. शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 असे दोनदा सुरतेवर छापे घातले, तापीचे मुख गाळाने भरत होते, मोगल अंमलदारांशी खटके उडत होते. 1687 साली कंपनीने ठाणे मुंबईला हलवले. पुढच्या शतकात सुरतेहून लवजी वाडिया आले आणि मलबारच्या सागवानाची जहाजे इथल्या गोदीत बांधली जाऊ लागली. त्यातले 1817 साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे. दुसरे एक, ‘कॉर्नवॉलिस’, त्याच्यावर 1842 साली नानकिंगचा तह झाला आणि पहिले अफूचे युद्ध संपले. माळव्याची अफू मुंबईहूनच चीनला जात असे. व्यापाऱ्यांच्या दानशूरपणाचे गोडवे गाताना त्या दानाचा मोठा भाग कोणत्या मालातून आला, हे आपण सांगत नाही.

शाळेत सात बेटांचा जो नकाशा दाखवतात, तो भरतीच्या वेळचा समजावा. ओहोटीला त्यातल्या बऱ्याच बेटांमध्ये चिखल आणि खाजण उघडे पडे. उधाणाला इथे पाण्याची चढउतार पाच मीटरच्या घरात जाते. वरळी आणि महालक्ष्मीमधल्या खिंडारातून समुद्र आत घुसे आणि बेटाच्या मधोमध पसरे. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, 1780 च्या दशकात, त्या खिंडारावर बांध पडला. पाणी बाहेर राहिले, पण आतली जमीन भरतीच्या पातळीखाली होती ती तशीच राहिली. पुढे शंभर वर्षे डोंगर फोडून, माती टाकून, शहराचा कचरासुद्धा टाकून ती भरली गेली. भायखळा, परळ, लालबाग, हिंदमाता ही नावे पावसाळ्यात दरवर्षी बातम्यांत येतात ती काही पालिकेच्या एकटीच्या नाकर्तेपणामुळे नव्हेत. तिथले पाणी जायला वाटच नाही. ते उपसून समुद्रात टाकावे लागते, आणि त्यासाठीचे एक मोठे पंपिंग स्टेशन रे रोडला ब्रिटानिया नाल्यावर आहे. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर. मध्य मुंबईचे एक गटारतोंड पोर्ट ट्रस्टच्या हद्दीच्या काठाशी उघडते ही गोष्ट आकाशपाळण्याच्या चित्रात येत नाही.

आता 1873 कडे.

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे धावली. पाच वर्षांनी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली: प्रेस म्हणजे कापसाचे गठ्ठे दाबण्याचा. या कंपनीने सरकारशी सौदा केला. रेल्वेच्या स्थानकासाठी शंभर एकर समुद्र भरून द्यायचा, आणि मोबदल्यात अडीचशे एकर स्वतःसाठी भरायचा. सौदा त्या वेळी उत्तमच वाटला असणार; सरकारच्या खिशाला चाट नाही, रेल्वेला जागा, कंपनीला जमीन. आजच्या भाषेत याला पीपीपी, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी, म्हणतात. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस लँकेशायरला जायचा बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो जहाजावर चढवायचा तर काठ हवा. काठाचा मोक्याचा भाग होता कंपनीचा. माल कुठे उतरवायचा, किती पैसे मोजायचे, हे ठरवण्याची ताकद एका खासगी पेढीच्या हातात आली. खुल्या व्यापाराचा जप करणाऱ्या गोऱ्या सरकारलाही हे परवडेना. शेवटी भली मोठी किंमत मोजून सरकारने 1870 च्या सुमारास कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 साली ती बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या हवाली केली. 1875 साली बांधलेला ससून डॉक खासगी होता, तोही 1879 साली विश्वस्तांनी विकत घेतला.

इथे नीट थांबून पाहावे. समुद्राचा काठ खासगी हातात गेला की सगळे शहर ओलीस राहते, हा निष्कर्ष कोणा समाजवाद्याने काढलेला नाही. नफ्यासाठी सात समुद्र ओलांडून आलेल्या साम्राज्याने काढला, आणि तोही स्वतःच्याच सौद्याने हात पोळल्यावर.

त्या निर्णयानंतरची चाळीस वर्षे पाहा. 1880 साली प्रिन्सेस डॉक, 1888 साली व्हिक्टोरिया डॉक, 1914 साली अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. त्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीने 22 एकर भरून बॅलार्ड इस्टेट झाली. माझगाव ते शिवडी जवळजवळ 580 एकर भराव 1908 ते 1912 या चार-पाच वर्षांत पडला. 1915 साली बंदराची स्वतःची रेल्वे. धान्याची गोदामे, कापसाची गोदामे, कोळशाची बंदरे. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची, हे सूत्र. भाडे येत राहिले आणि शहराच्या दहाव्या हिश्शाची मालकी एकसंध राहिली. आज ‘एवढी मोठी सलग जागा’ म्हणून ज्या जमिनीचे सगळ्यांना कौतुक आहे, ती सलग राहिली याचे कारण तिच्या मालकाला ती तुकड्यांनी विकायची नव्हती.

पोर्ट ट्रस्ट म्हणजे रामराज्य होते असे मात्र कोणी समजू नये. विश्वस्त बंदराचे आणि व्यापाऱ्यांचे, कोळ्यांचे नव्हेत. बंदरे बांधताना कोळ्यांची होडी ओढायची जागा गेली, जाळी वाळवायची जागा गेली, आणि त्यांचे मत कोणी विचारले नाही. गोदी कामगार अनेक पिढ्या रोजावर राबला. काम मिळेल की नाही हे दररोज सकाळी मुकादमाच्या मर्जीवर. त्याच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा यायला 1948 उजाडावे लागले. तेव्हा 1873 ची नक्कल करा असे मी म्हणत नाही. त्यातला एकच भाग उचलावा: काठ सार्वजनिक मालकीचा, आणि ती मालकी मोडता येणार नाही अशी.

उलट बाजूची उदाहरणे पश्चिमेला सापडतात. पूर्वेला एल्फिन्स्टन कंपनीचा धडा चालू असतानाच बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. शेअर घेणाऱ्यांना समुद्र कुठे भरायचा आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. कागद या हाताने घ्यायचा आणि त्या हाताने खपवायचा. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. 1 जुलै 1865 ही वायद्यांची तारीख आली आणि शहराचे दिवाळे वाजले. प्रेमचंद रायचंदांसारखा शेअर बाजाराचा बादशहा त्यात बुडाला, बँका बुडाल्या. बॅकबेवर उरली ती एक अरुंद पट्टी, रेल्वेच्या कामी आली तेवढीच.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी तोच बॅकबे पुन्हा. या वेळी खासगी कंपनी नव्हती, प्रांताचे सरकारच होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि 1,145 एकर समुद्र भरण्याचा बेत केला. अंदाजपत्रक फुगत गेले, ड्रेजर अपेक्षेएवढा गाळ उपसेना, टाकलेला भराव वाहून जाई. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने भानगडी बाहेर काढल्या, तेव्हा हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. 1928 साली नरिमन निर्दोष सुटले. बेताच्या निम्म्याहून कमी जमीन हाती आली. लोकांनी त्याला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हटले. त्यातून मरीन ड्राइव्ह मिळाला हे खरे, आणि मुंबईकर तिथल्या कठड्यावर बसून सगळे माफ करतो.

स्वातंत्र्यानंतर बॅकबेचा उरलेला तुकडा भरला तो राज्य सरकारने. लिलाव न करता भूखंड दिल्याचा वाद 1970 च्या दशकात उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या भागाला नाव दिले नरिमन पॉइंट. ज्या माणसाने भरावातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर मांडला, त्याच्या नावाची पाटी पुढच्या भरावावर. मुंबईची विनोदबुद्धी कोणी कमी लेखू नये.

आणि गिरण्या. तो समुद्र नव्हता, पण मामला तोच. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. सुमारे 600 एकर जमीन मोकळी होणार होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने वाटणी ठरवली: एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. कागदावर सुरेख. 2001 साली त्यात बदल झाला आणि वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते ती कितीशी? सगळी शेड, गोदाम, चिमणी. इमारत पाडून मोकळी होणारी जागा हिशेबात धरायचीच नाही म्हटल्यावर शहराचा आणि म्हाडाचा वाटा आटला. उच्च न्यायालयाने 2005 साली हा अर्थ नाकारला; सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो मान्य केला. परळचे आजचे रूप त्या एका वाक्याच्या अर्थातून उभे राहिले आहे. गिरणी कामगाराला घर मिळाले की नाही, हे त्याच्या नातवाला विचारावे.

हा इतिहास एवढा लांबण लावून सांगितला, कारण पूर्व किनाऱ्याच्या वादात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, केंद्राची जमीन आहे, केंद्राने काय ते करावे. दुसरा म्हणतो, मुंबई महाराष्ट्राची, जमीन राज्याला द्या. दुसऱ्या तटाबद्दल मला मनातून सहानुभूती आहे. दिल्लीत बसून शिवडीचा आराखडा काढणे मला पटत नाही. पण वरची यादी पुन्हा पाहा. 1860 च्या दशकात खासगी कंपनी, 1920 च्या दशकात प्रांत, 1970 च्या दशकात राज्य, 2001 साली पुन्हा राज्य. मालक बदलल्याने जमीन वाचत नाही. वाचते ती अटीने, आणि अटसुद्धा अशी हवी की अधिसूचनेच्या एका दुरुस्तीने तिचा अर्थ फिरवता येऊ नये.

सध्याची व्यवस्था काय आहे? या जमिनीचे काय करायचे ते सुचवायला 2014 साली केंद्राने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2018 साली पोर्ट ट्रस्टलाच या पट्ट्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. 2021 च्या कायद्याने ट्रस्ट जाऊन मुंबई पोर्ट अथॉरिटी आली. म्हणजे जमिनीची मालक तीच, भाडे वसूल करणारी तीच, आणि कुठे काय बांधायचे ते ठरवणारीही तीच. घरमालकालाच नगररचनाकार केले तर तो बाग का काढेल? त्याच्यावर हजारो निवृत्त कामगारांच्या पेन्शनचा बोजा आहे, आणि पेन्शन द्यायलाच हवी; त्या माणसांनी पाठीवर बंदर वाहिले आहे. पण पेन्शनसाठी दरमहा पैसा लागतो, जमीन मात्र एकदाच विकता येते. एकदाच्या विक्रीतून कायमचा खर्च भागवायचा हा हिशेब कुठल्याही किराणा दुकानदाराला खटकेल. भाडेपट्ट्याचे उत्पन्न दरवर्षी येते. शंभर-सव्वाशे वर्षे आले आहे.

यावर उत्तर मिळते की जुने पट्टे सडले आहेत. खरेच आहे. कित्येक पट्टे संपून वर्षे उलटली, पोटभाडेकरूचे पोटभाडेकरू बसले, भाडेवाढीची भांडणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पण यातून पट्टे नीट लिहा, मुदत आटोपशीर ठेवा, आणि कोणाकडे कोणता भूखंड किती भाड्याने आहे याची यादी कोणालाही पाहता येईल अशी लावा, एवढेच निघते. पट्टे नीट सांभाळता आले नाहीत म्हणून विकून टाका, हे त्यातून कसे निघते ते मला कळत नाही. ज्यांना पट्टा सांभाळता येत नाही, त्यांना विक्रीचा करार तरी सांभाळता येईल कशावरून?

आता ‘रिकामी’ या शब्दाकडे येऊ. मुंबई बंदरातून आजही वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक मालाची ये-जा होते. त्यातला मोठा भाग तेल: जवाहर द्वीपावर कच्चे तेल उतरते, पीर पाऊला रसायने. दारूखान्यात लोखंडाचा बाजार आहे, कौला बंदरात पिढ्या गेलेली वस्ती आहे. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात हजारो रोहित येतात, ते कोणाच्या परवानगीने येत नाहीत.

आणि भाऊचा धक्का. मासेमारीच्या मोसमात पहाटे तिथे जाऊन पाहावे. ट्रॉलर दाटीने लागलेले असतात, एकाच्या कठड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत टोपल्या काठावर येतात. बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून भुगा होतो, त्याचा खडखडाट सगळ्या आवाजांवर चढलेला. माशांचे ढीग ओल्या फरशीवर, भोवती कोळणींचे कोंडाळे. बोली लागते ती बोटांच्या खुणांनी, मानेच्या झटक्याने. दोन-तीन जणी मिळून एक ढीग घेतात, तिथल्या तिथे वाटून टोपल्या टेंपोत टाकतात, आणि उजाडायच्या आत दादर-भायखळ्याच्या बाजाराला लागतात. पायाखाली पाणी, खवले, डिझेल. घाण असते, वास असतो. याच धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला रेवस आणि मोऱ्याच्या लाँच सुटतात. कोकणातून बोटीने येणारा चाकरमानी मुंबईत पहिले पाऊल टाकी ते इथेच. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तीही याच धक्क्यावरून चढली होती. 1841 च्या सुमारास भाऊ अजिंक्य यांनी धक्का बांधला, तेव्हापासून या शहरात समुद्राकडून आलेल्या साध्या माणसाला उतरायची ही जागा आहे. क्रूझने येणाऱ्यांसाठी बॅलार्ड पिअरला नवे टर्मिनल झाले, चांगलेच झाले. पण किनारा ‘सुशोभित’ करताना पहिली कुऱ्हाड वासावर पडते, आणि वास येतो तो काम चालू असते तिथून.

सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. मध्य मुंबईत लहान मुलाला धावायला जागा नाही, आणि शिवडी-माझगावच्या माणसाला स्वतःच्या किनाऱ्यावर जायची सोय नाही, भिंत आड येते. भिंत पडलीच पाहिजे. माझा आग्रह क्रमाचा आहे. प्रथम कामाचे धक्के: मासळी, लाँच, दुरुस्तीच्या गोद्या. मग पाण्याचे मार्ग, नाल्यांची मुखे, चिखलाचा पट्टा. यांच्यावर काहीही उभे राहू नये. मग सलग चालता येईल असा सार्वजनिक काठ. त्यानंतर उरेल त्यावर घरे आणि कचेऱ्या, तेही पट्ट्यावर, आणि वाटा ठरवायचा तो पूर्ण जमिनीवर, ‘मोकळ्या’ जमिनीवर नव्हे. गिरण्यांनी तेवढे तरी शिकवले असावे.

तेलाच्या वाहिन्या आणि टाक्यांच्या शेजारी टॉवर उभे करण्याच्या कल्पनेबद्दल वेगळे सांगायला हवे. 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, आणि सोबत कराचीला भरलेले कापसाचे गठ्ठे, तेलाची पिंपे. दुपारी धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले. संध्याकाळी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, शेकडो नागरिक आणि कामगार गेले, मांडवीकडची वस्ती जळाली. सोन्याच्या विटा दूरवर घरांवर जाऊन पडल्या. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेले जहाज वस्तीला खेटून लावायचे की नाही, हे त्या वस्तीला कोणी विचारले नव्हते. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच दिवसामुळे. ती गोदी आता बुजवलेली आहे. किनाऱ्यावर काय साठते आणि त्याच्या किती जवळ माणसे झोपतात, हा प्रश्न बुजलेला नाही.

एवढ्या मोठ्या गोष्टींचा निकाल लागायला वेळ लागेल, हे मान्य. तोवर सरकारांची नियत तपासायला एक लहान जागा तयार आहे. लॉइडच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बॅकबे भरता भरता कामगारांसाठी चाळीही बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. एकूण 207 इमारती: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. पहिल्या तीन ठिकाणी म्हाडाने पुनर्विकास हाती घेतला. शिवडीच्या 12 इमारती मागे राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन बंदराची. चाळ राज्याची, जमीन केंद्राची, आणि शंभर वर्षांच्या भिंतींमागे राहणारी कुटुंबे दोघांच्या पत्रव्यवहारात. इथे बिल्डर नको, लिलाव नको, आकाशपाळणाही नको. राहणाऱ्यांच्या घरांसाठी बंदराने एक दीर्घ पट्टा नाममात्र भाड्याने लिहून द्यायचा आहे. कंपनीला संपूर्ण मुंबई दहा पौंडांत मिळाली होती. या बारा इमारतींसाठी भाडे किती घ्यायचे, ते दोन्ही सरकारांनी एकदा बसून जाहीर करावे.